गोलरक्षक आणि त्याच्या पुढचा गडी

भारतीय हॉकीचा पहिला नामांकित गोलरक्षक आपल्या नागपुरात जन्मला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे नाव रिचर्ड अॅलन, जन्म १९०२. पुढे तो कलकत्त्याकडून खेळला आणि १९२८ साली भारताच्या संघाबरोबर अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकला गेला. तेथे भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले. अॅलनच्या गोलात एकही चेंडू गेला नाही. १९३२ आणि १९३६ धरून त्याला तीन सुवर्णपदके मिळाली. १९३२ मध्ये अमेरिकेला भारताने २४-१ असे हरवले. तो एक गोल झाला तेव्हा अॅलन प्रेक्षकांना सह्या देत होता, असे सांगतात. खरे असो वा नसो, पुढच्या गड्यांवर त्याचा भरवसा किती होता हे त्या गोष्टीतून कळते.

त्या पुढच्या गड्यांत, १९२८ च्या संघाचे कप्तान होते जयपालसिंग मुंडा. खुंटीजवळच्या टकरा गावचा हा मुंडा मुलगा रांचीच्या मिशन शाळेत शिकला आणि तेथून ऑक्सफर्डला गेला. ते बॅक म्हणून खेळत, म्हणजे गोलरक्षकाच्या थेट पुढे. ऑलिंपिकसाठी आय.सी.एस.च्या प्रशिक्षणातून सुटी मिळाली नाही, तरी ते गेले आणि ती नोकरी त्यांनी पुढे सोडली. अंतिम सामना मात्र ते खेळले नाहीत. पुढे घटना समितीत आदिवासींची बाजू मांडणारे तेच जयपालसिंग.

सिमडेगा आणि सुंदरगढकडची नंतरची मोठी नावे पाहा. मायकेल किंडो, दिलीप तिर्की, बिरेंद्र लाक्रा: तिघेही बचावफळीतले. गोलात उभा राहणारा त्यांच्यात कोणी नाही. ही मुले चपळ नाहीत म्हणून असे होते, हे मला पटत नाही. बांबूची वाकडी काठी आणि कसलाही चेंडू घेऊन बॅक होता येते. गोलरक्षक होता येत नाही. इतर गड्यांनी चेंडूला पाय लावला तर चूक धरतात, पण गोलरक्षकाला आपल्या डीमध्ये पाय आणि अंग वापरण्याची मुभा असते. दीडशे ग्रॅमहून जड, टणक चेंडू वेगाने येतो तो अंगावरच. अॅलनच्या काळी हेल्मेट नव्हते, पॅड तेवढे होते. आज हेल्मेट, छातीचे कवच, पॅड, पायातले किकर आणि हातमोजे यांशिवाय कोणताही शहाणा शिक्षक मुलाला गोलात उभे करणार नाही. हा संच इतर दहा जणांच्या काठ्यांहून महाग पडतो.

आपल्या वसतिगृहाच्या मैदानावर सध्या गोलाच्या जागी दोन दगड ठेवतात, आणि मध्ये कोणालाच उभे करत नाहीत. म्हणून या तिमाहीच्या गरजांच्या यादीत, वह्या आणि चादरी यांच्या खाली, गोलरक्षकाचा एक संच लिहिला आहे. मधल्या मापाचा असावा, म्हणजे दोन-तीन मुलांना आळीपाळीने वापरता येईल. वापरलेला चालेल; फक्त हेल्मेटला तडा गेलेला नसावा.