फाईल चालवण्याआधी तिचा हॅश पडताळा

२० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली. घुसखोरांनी १७.३ सिनॅमन या आवृत्तीची डाउनलोड लिंक बदलली आणि चोरवाट पेरलेली प्रत लोकांच्या हाती पडू लागली. पान तेच, बटण तेच. नुसत्या नजरेला फरक कळणे शक्य नव्हते. म्हणूनच घरच्या संगणकावर हौसेने नवनवी सॉफ्टवेअर वापरून पाहणाऱ्याने हॅश पडताळण्याची सवय लावून घ्यायलाच हवी.

हॅश म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेला ठसा. आज सर्रास वापरली जाते ती एसएचए-२५६ ही पद्धत. ती फाईलचे ६४-६४ बाइटचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांमधून घुसळते. एका तुकड्याचा निकाल पुढच्या तुकड्याच्या हिशेबात मिसळतो. शेवटी हाती येतात ६४ चिन्हे: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे. फाईल दोन केबीची असो वा चार जीबीची, ठशाची लांबी तेवढीच. फाईलमधला एक बिट जरी बदलला, तरी निम्म्याच्या आसपास बिट बदलून ठसा ओळखू येणार नाही इतका वेगळा होतो. ठशावरून मूळ फाईल परत मिळवता येत नाही, आणि तोच ठसा देणारी दुसरी फाईल आजवर कोणालाही बनवता आलेली नाही.

पडताळणीला वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडा, ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा रोमन लिपीत टाइप करा, एक जागा सोडा, फाईल ओढून त्या खिडकीत टाका आणि एंटर दाबा. फाईल मोठी असेल तर थोडा वेळ लागेल. सेव्हन-झिप बसवलेले असेल, तर फाईलवर राइट क्लिक केल्यावर मिळणाऱ्या यादीतूनही हेच काम होते.

आता हा ठसा निर्मात्याने दिलेल्या ठशाशी जुळवायचा. पहिली चार आणि शेवटची चार चिन्हे पाहून समाधान मानू नका. आठ चिन्हांच्या साऱ्या शक्यता सुमारे ४२९ कोटी. तेवढे प्रयत्न साधा संगणकही करू शकतो. त्यापेक्षा आलेला ठसा कॉपी करा आणि निर्मात्याचे पान उघडून ब्राउझरच्या, पानातला मजकूर शोधण्याच्या चौकटीत चिकटवा. सापडला तर सगळी चिन्हे जुळली. अक्षरे मोठी की लहान, याने फरक पडत नाही.

ठसा जुळला नाही, तर घाबरू नका, पण ती फाईल चालवूही नका. बहुतेकदा डाउनलोड अर्धवट झालेले असते किंवा ठसा दुसऱ्याच आवृत्तीचा असतो. फाईल पुसून पुन्हा उतरवा. तरीही जुळत नसेल, तर निर्मात्याला कळवा.

एमडी५ आणि एसएचए-१ हे जुने प्रकार मात्र बनावटगिरी ओळखण्यासाठी भरवशाचे राहिलेले नाहीत. एकच ठसा देणाऱ्या दोन वेगळ्या फाईली एमडी५साठी २००४ मध्ये, तर एसएचए-१साठी २०१७ मध्ये बनवून दाखवण्यात आल्या. डाउनलोड नीट झाले का, एवढे पाहायला ते चालतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो तो हा, की तुलनेसाठीचा ठसा आला कुठून? संकेतस्थळच ताब्यात घेणारा माणूस फाईलबरोबर ठसाही बदलू शकतो. त्यावर उपाय डिजिटल स्वाक्षरीचा. निर्माता आपल्या गुप्त किल्लीने स्वाक्षरी करतो. ती किल्ली संकेतस्थळावर ठेवलेली नसते. जाहीर किल्लीने कोणीही ती स्वाक्षरी तपासू शकतो. विंडोजच्या इन्स्टॉलर फाईलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब दिसला, तर त्यातले नाव वाचा आणि ‘डीटेल्स’मध्ये स्वाक्षरी वैध असल्याची खात्री करा. लिनक्सच्या फाईलची स्वाक्षरी जाहीर किल्लीने तपासणार असाल, तर त्या किल्लीचा ठसा शक्यतो दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून पडताळा.

स्वाक्षरी फाईल कोणाची हे सांगते, त्याचा हेतू चांगला आहे असे सांगत नाही. तो विश्वास कोणावर ठेवायचा, हे आपणच ठरवायचे असते. पण ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याचीच फाईल आपल्याकडे आली का, हे दोन मिनिटांत तपासता येते, आणि ही दोन मिनिटे इन्स्टॉल करण्याच्या आधीच द्यायला हवीत.