कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर

मार्च उजाडला की यवतमाळमध्ये माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. गेल्या उन्हाळ्यातल्या वुडवुलच्या जाळ्या काढल्या की त्या दगडासारख्या कडक झालेल्या दिसतात. पंपाच्या तोंडाशी पांढरी खपली, टाकीच्या तळाशी चुन्यासारखा गाळ. ‘बोअरचं पाणीच खारं आहे,’ असे म्हणत नव्या जाळ्या बसवल्या जातात आणि विषय तिथेच संपतो.

हा थर येतो खडकातून. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत जाते. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, बोलीभाषेत जड पाणी. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. पूर्वेकडे वणी, झरी जामणी भागात चुनखडक आहे. मुकुटबनचा सिमेंट कारखाना याच दगडाच्या भरवशावर उभा आहे. निळोणा आणि चापडोह धरणांत साठलेले पावसाचे पाणी बोअर किंवा हापशीच्या पाण्यापेक्षा सहसा कमी जड असते. उन्हाळ्यात नळाची पाळी लांबली की घरच्या टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळते आणि जडपणा वाढतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. समजा, बोअरच्या पाण्याचा जडपणा 400 आहे आणि कूलर दिवसाला 50 लिटर पाणी उडवतो. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. हिशेबाने रोजचे 20 ग्रॅम, म्हणजे महिन्याला 600 ग्रॅम. म्हणूनच कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी दर दोन-तीन दिवसांनी काढून टाकले, तर जाळ्या जास्त टिकतात.

गिझर, मशीन आणि वरण

गिझरमध्ये वेगळी क्रिया घडते. पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट फुटते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर कॉइलवर बसतो. हा थर उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही. पाणी तापायला वेळ लागतो, वीज जास्त जळते आणि शेवटी कॉइल जळते. तापमान 50 ते 55 अंशांवर ठेवले तर थर सावकाश धरतो. वॉशिंग मशीनच्या पाणी घेणाऱ्या नळीतली बारीक जाळी तुंबते, साबणाला फेस येत नाही आणि कपडे राठ होतात.

स्वयंपाकघरातली तक्रारही जुनीच आहे. तूर पिकवणाऱ्या या जिल्ह्यात बोअरच्या पाण्यात वरण लवकर शिजत नाही. डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधते. चिमूटभर सोड्याने डाळ मऊ होते, पण ‘ब-1’ जीवनसत्त्वाचा नाश होतो. त्यापेक्षा डाळ धरणाच्या नळाच्या पाण्यात भिजवून शिजवलेली बरी.

तुरटीने गढूळपणा जातो, जडपणा जात नाही. भांड्यांवरचा थर काढायला लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व पुरते. मात्र ते ब्लीचिंग पावडरमध्ये कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. विजेचे उपकरण साफ करताना आधी प्लग काढावा.

खरा धोका न दिसणारा

जड पाण्याने प्रकृती बिघडते, असा ठोस पुरावा नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. मुतखडा असलेल्यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे.

जिल्ह्यात काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे: फ्लोराइड. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडवरचा अभ्यास 2007 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्याची मर्यादा लिटरमागे 1 मिलिग्रॅम, फार तर 1.5 आहे. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पांढरे, तपकिरी डाग पडतात. पुढे सांधे आणि कणा आखडतो. त्याला रंग, वास, चव काहीच नसते. उकळल्याने ते जात नाही. पाणी आटले की उलट त्याचे प्रमाण वाढते.

कॅल्शियम भरपूर असलेल्या पाण्यात फ्लोराइड फारसे टिकत नाही, कारण दोन्ही मिळून न विरघळणारा क्षार बनतो. म्हणजे ज्या बोअरच्या पाण्याने कूलरला थर धरत नाही, साबणाला छान फेस येतो, त्याच पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकते. स्वस्तातला टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. त्यात फ्लोराइड किती, हे तो सांगत नाही. जंतूंबद्दल तर काहीच नाही.

त्यासाठी तपासणीच लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासले जातात. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक याबाबत माहिती देऊ शकतो. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, त्याच पाण्याने ती दोन-तीनदा विसळून घ्यावा आणि बाटलीवर ठिकाण व तारीख लिहावी. अहवाल हाती आला की जडपणाच्या आधी फ्लोराइडचा आकडा पाहावा. तो 1.5 च्या वर असेल, तर ते पाणी कूलरला आणि धुण्याला वापरावे. पिण्याला आणि स्वयंपाकाला नको.