दृष्टी आणि भ्रम
अनसिंगहून अजिंठ्याच्या सहलीला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्या लेण्यातील एक स्तंभ आवर्जून दाखवितो. त्यावर चार हरणे कोरलेली आहेत; मस्तक मात्र एकच. ज्या धडाकडे पाहावे, त्याचेच ते भासते. कारण ही जोडणी मेंदू करतो. रंगाचेही तसेच. डोळ्यांतील तीन प्रकारच्या शंकुपेशी केवळ संकेत पाठवितात. त्यांची तुलना करून रंग ठरवितो तो मेंदू. लाल कागदाकडे अर्धा मिनिट एकटक पाहून पांढऱ्या भिंतीकडे वळावे. तेथे निळसर हिरवा आकार दिसतो. कारण लाल प्रकाशाला अधिक प्रतिसाद देणाऱ्या पेशी तेवढ्यापुरत्या मंदावलेल्या असतात. भिंत पांढरीच असते. म्हणून ‘डोळ्यांदेखत चमत्कार घडला’ असे कोणी सांगितल्यास आपल्या पाल्यांनी ते आधी तपासून पाहावे, एवढीच आमची अपेक्षा.