पंगतीत कोण नाही?

सूर्य मावळतीला झुकला की नांदेडच्या इतवारा आणि देगलूर नाका भागात रमजानची लगबग सुरू होते. खजूर, टरबूज, भजी, समोशांचे गाडे गजबजतात. लातुरात गंजगोलाईच्या अवतीभवतीही असेच चित्र असते. मगरिबच्या अजानची वेळ झाली की मशिदीत लांबलचक दस्तरखान अंथरला जातो. हमाल, रिक्षावाला, दुकानदार, प्राध्यापक मांडीला मांडी लावून बसतात आणि एकाच ताटातील खजूर उचलतात. कोणाची मिळकत किती, हे तिथे कोणी विचारत नाही. या पंगतीत कोण बसले आहे, हे सर्वांना दिसते. कोण आलेले नाही, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातील एक प्रसंग हदीस ग्रंथांत आढळतो. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक स्त्री काही दिवस दिसली नाही. प्रेषितांनी तिची चौकशी केली, तेव्हा ती वारल्याचे समजले. एवढ्या साध्या बाईसाठी प्रेषितांना कशाला त्रास द्यायचा, असे लोकांना वाटले होते. प्रेषितांना ते आवडले नाही. ते तिच्या कबरीवर गेले आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. जी व्यक्ती समाजाच्या हिशेबात नव्हती, तिची गैरहजेरी त्यांना जाणवली होती. आजच्या काळात ही शिकवण फार मोलाची आहे. ज्याची कोणीही आठवण काढत नाही, त्या माणसाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास आता वैद्यकशास्त्रही करीत आहे.

हासेगावची शाळा

लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ साली ‘सेवालय’ सुरू केले. एचआयव्हीसह जन्मलेली, आईवडील गमावलेली, नातेवाइकांनी दूर लोटलेली मुले तिथे राहू लागली. मुले शिकण्याच्या वयाची होती, म्हणून गावच्या शाळेत बसू लागली. २००९ साली या गोष्टीवरून गावात वाद पेटला. ही मुले वर्गात असतील तर आमची मुले शाळेत पाठवणार नाही, अशी भूमिका पालकांनी घेतली. प्रश्न प्रशासनापर्यंत गेला आणि राज्यभर गाजला.

एका बाकावर बसल्याने, एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने एचआयव्ही पसरत नाही, हे तेव्हाही सर्वज्ञात होते. सरकारी केंद्रांतून या आजाराची औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली होती. म्हणजे रोगावर उपाय होता. लोकांच्या भीतीवर मात्र औषध नव्हते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला विषाणू म्हणजे काय, ते कळत नाही. आपण येऊन बसलो की बाकीची मुले उठून जातात, एवढे मात्र त्याला नक्की कळते.

सेवालय टिकून राहिले. मुले मोठी झाली, गाणे आणि नाच शिकून रंगमंचावर उभी राहिली, त्यातील काहींची लग्ने झाली. मोठ्या झालेल्या मुलांसाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ उभे राहिले. या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की आजाराचेच नाव तयार होते. ज्या तीन अक्षरांनी त्यांना वाळीत टाकले, त्याच अक्षरांना त्यांनी नवा अर्थ दिला. औषध तर आवश्यक होतेच, पण मुले उभी राहिली त्यात हक्काचे घर आणि आपली म्हणणारी माणसे यांचाही मोठा वाटा होता. पुढे २०१७ साली एचआयव्हीबाधितांशी शिक्षण, नोकरी व उपचारात भेदभाव करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला.

दुरावा आणि मनाचा आजार

‘नैराश्य’ हा शब्द आज सर्रास वापरला जातो. दोन दिवसांची उदासी म्हणजे नैराश्य नव्हे. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहणे, कशातही रस न वाटणे, झोप आणि भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, जगण्यातच अर्थ नाही असे विचार येणे, ही या आजाराची लक्षणे आहेत. मराठवाड्यातील माणूस दवाखान्यात जाऊन ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, करमत नाही, जीव घाबरतो, डोके जड होते, अंग दुखते. मग मनाच्या दुखण्यावर वर्षानुवर्षे अंगदुखीच्या गोळ्या चालू राहतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात साधारण वीसपैकी एका व्यक्तीला नैराश्याने ग्रासलेले आहे आणि त्यातील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत.

या आजाराला एकच कारण नसते. अनुवंश, शारीरिक व्याधी, कर्ज, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू अशी अनेक कारणे त्यामागे असतात. परंतु तुटलेपण हे त्यातील मोठे कारण आहे. जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. संकट अनेकींवर आले होते. पण ज्यांना मन मोकळे करण्यासाठी जवळचे माणूस नव्हते, त्या नैराश्यात सापडण्याची शक्यता कितीतरी अधिक होती. २००३ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोगही प्रसिद्ध आहे. संगणकावर तिघांचा चेंडूफेकीचा खेळ सुरू केला गेला. थोड्या वेळाने दोघांनी तिसऱ्याकडे चेंडू टाकणे बंद केले. खेळ किरकोळ होता, पैसा किंवा मान काहीच पणाला नव्हते. तरीही त्या तिसऱ्याच्या मेंदूत, शारीरिक वेदनेच्या त्रासाशी निगडित असलेला एक भाग जागा झाल्याचे दिसले. काही मिनिटांच्या खेळातून वगळल्याने एवढे होते, तर वर्षानुवर्षे गावाने, भावकीने, वस्तीने वगळलेल्या माणसाचे काय होत असेल?

हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. वगळलेला माणूस खचतो आणि खचलेला माणूस स्वतःहून लोकांत जाणे सोडतो. तो येत नाही म्हणून लोक बोलावणे बंद करतात. कोणी बोलावत नाही म्हणून आपण नकोसे आहोत, ही त्याची समजूत पक्की होते.

बहिष्काराचा इतिहास

इस्लामच्या इतिहासात सामाजिक बहिष्काराचे एक ठळक उदाहरण आहे. मक्केतील कुरैश सरदारांनी प्रेषितांच्या बनू हाशिम घराण्याशी व्यापार, सोयरीक आणि सर्व व्यवहार तोडण्याचा करार लिहिला व तो काबागृहात टांगला. हे कुटुंब ‘शिअबे अबी तालिब’ या घाटीत सुमारे तीन वर्षे अडकून पडले. झाडपाला खाण्याची वेळ आली. भुकेल्या मुलांचे रडणे घाटीबाहेर ऐकू जाई. हा बहिष्कार मोडण्यात कुरैशांतीलच काही माणसांनी पुढाकार घेतला. हिशाम बिन अम्र रात्रीच्या अंधारात धान्याने लादलेला उंट घाटीत सोडत असत. पुढे त्यांनी आणखी चौघांना सोबत घेऊन हा करार अन्यायाचा असल्याचे भर सभेत सांगितले. बहिष्कार उठला, पण त्यानंतर थोड्याच काळात प्रेषितांचे चुलते अबू तालिब आणि पत्नी हजरत खदीजा (र.) यांचे निधन झाले. हजरत खदीजांचे निधन रमजान महिन्यात झाल्याचे सांगितले जाते. त्या वर्षाला इतिहासाने ‘आमुल हुज्न’, म्हणजे दुःखाचे वर्ष असे नाव दिले. प्रेषितांचे दुःख इतिहासाने लपवले नाही.

बहिष्काराची प्रथा मक्केत संपली असली तरी जगातून संपलेली नाही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या कहाण्या वाढल्या, तेव्हा महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत केला. जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पंचायतीचा हुकूम कायद्याच्या कक्षेत येतो. पण सगळेच बहिष्कार जाहीर होत नाहीत. ‘लातूर पॅटर्न’ने आकर्षित होऊन गावोगावची मुले लातुरात शिकायला येतात. त्यातील एखाद्याचे आडनाव ऐकले की रिकामी खोली अचानक ‘आधीच दिलेली’ असते. विधवा बहिणीला हळदीकुंकवाला बोलावणे येत नाही. अशा वेळी तक्रार कोणाविरुद्ध करायची?

२०२० चा रमजान टाळेबंदीत गेला. त्या काळात तबलिगी जमातच्या नावाने एका संपूर्ण समाजाकडे रोगाचे कारण म्हणून पाहिले गेले. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात अडकलेले हजारो शीख भाविक पंजाबात परतले आणि त्यातील अनेकांना लागण झाल्याचे निष्पन्न होताच त्यांच्याकडेही बोटे दाखवली गेली. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे निरीक्षण नोंदवले. न्याय मिळाला, परंतु त्या काही महिन्यांत अनेकांच्या मनावर उमटलेला ओरखडा कोणत्याही निकालपत्राने पुसला जात नाही.

आरसा स्वतःपुढेही

जो समाज दुराव्याची तक्रार करतो, त्याने स्वतःच्या घरातही डोकावले पाहिजे. मोहल्ल्यातील एखादा तरुण नमाजला येईनासा झाला, दिवसभर अंथरुणात पडून राहू लागला, तर ‘त्याचा ईमान कमजोर झाला’ असा शेरा मारला जातो. तलाक झालेल्या मुलीला लग्नकार्यात मागच्या खोलीत बसवले जाते. मानसिक आजाराची गोळी चालू असल्याचे कळले की सोयरीक मोडते. म्हणून घरचे आजार लपवतात आणि आजार वाढत जातो. वास्तविक दुःख हे श्रद्धेच्या अभावाचे लक्षण नाही. पुत्र यूसुफ (अ.) यांच्या विरहात हजरत याकूब (अ.) यांचे डोळे रडून पांढरे झाले होते, असे पवित्र कुरआनमध्ये नमूद आहे. ते तर अल्लाहचे प्रेषित होते.

रोज्याबाबतही हीच समजूत हवी. आजारी व्यक्तीला कुरआनने रोज्यातून सवलत दिली आहे आणि मनाचा आजार हाही आजारच आहे. नैराश्याची औषधे रमजानसाठी परस्पर बंद करणे धोक्याचे ठरू शकते. काही औषधांच्या वेळा इफ्तार आणि सहेरीला जुळवता येतात, काहींच्या नाही. हा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

उपचारासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत आणि तिथे मानसोपचार विभाग आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, तेही मराठीत. मरणाचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाला एकटे सोडू नये, त्याचे बोलणे थट्टेवारी नेऊ नये.

ईदच्या नमाजपूर्वी फितरा देण्याचा दंडक आहे. गरिबालाही ईद साजरी करता यावी, त्या दिवशी कोणी आनंदातून वगळला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. धान्याचा आणि पैशाचा फितरा तर निघतोच. त्यासोबत प्रत्येक मोहल्ल्याने एक यादी मनात करावी. गेल्या रमजानमध्ये शेजारी बसलेला कोण यंदा दिसला नाही? कोणत्या घराचे दार इफ्तारच्या वेळी बंदच असते? कोणाला शेवटचा फोन कधी केला होता? त्या दारावर थाप द्यायला फार काही लागत नाही. एक वाटी खीर आणि बसायला अर्धा तास पुरतो. एकत्र पंगतीचे महत्त्व नांदेडला नव्याने सांगावे लागत नाही. तिथल्या गुरुद्वाऱ्यातील लंगरमध्ये कोणीही, कोणत्याही धर्माचा माणूस येऊन पंगतीत बसतो आणि पोटभर जेवून उठतो.

आज सायंकाळी पुन्हा दस्तरखान अंथरला जाईल. अजानला दोन-चार मिनिटे उरलेली असतील. त्या शांत क्षणी दुआसाठी हात उचलण्यापूर्वी एकदा डावी-उजवीकडे पाहावे. एखादी जागा रिकामी दिसली, तर उद्या ती भरेल, याची काळजी घ्यावी.