जंगल जळतं आणि गाव दिसू लागतं: हिब्रू कथेत दडलंय काय?

इस्रायली लेखक ए. बी. येहोशुआ यांच्या 'जंगलांसमोर' या कथेत वरवर पाहिलं तर फारसं काही घडत नाही. तरीही 1963 साली आलेल्या या कथेची चर्चा आजही होते. असं काय दडलंय तिच्यात?

आधी कथा पाहूया

क्रुसेड म्हणजेच धर्मयुद्धांवर अभ्यास करणारा एक विद्यार्थी एकांत मिळावा म्हणून जंगलात नोकरी धरतो. काम एकच, वणवा लागतोय का यावर नजर ठेवायची. सोबतीला एक अरब कामगार आणि त्याची लहान मुलगी. युद्धात या माणसाची जीभ कापली गेली आहे. या झाडांखाली एक अरब गाव गाडलं गेलंय, हे विद्यार्थ्याला हळूहळू कळतं. शेवटी तो अरब जंगल पेटवतो. सगळं जळून गेल्यावर गावाच्या खुणा दिसू लागतात.

अर्थ कुठे शोधायचा?

1. कोण बोलत नाही? कथेत गावाची आठवण ज्याच्याकडे आहे, त्यालाच जीभ नाही. त्याची बाजू ऐकली जात नाही, हे लेखक एका तपशिलातून सांगतो.

2. पायाखाली काय आहे? 1948 च्या युद्धात लाखो पॅलेस्टिनी बेघर झाले, शेकडो गावं ओस पडली. त्यातल्या अनेक गावांच्या जागी पुढे जंगलं लावली गेली. इस्रायलमध्ये झाड लावणं ही देश उभारण्याची खूण मानली जाते. येहोशुआ याच अभिमानाच्या खुणेखाली काय आहे, ते दाखवतात.

3. अभ्यासाचा विषय हाच का? धर्मयुद्धं लढणाऱ्यांनी 1099 साली जेरुसलेम जिंकलं, पण 1291 पर्यंत त्यांची सत्ता संपली. बाहेरून येऊन इथे राज्य उभारणाऱ्यांचं पुढे काय होतं, ही भीती या एका शब्दात दडली आहे.

मग हाच एकमेव अर्थ?

नाही. काही वाचक ही कथा त्या विद्यार्थ्याच्या मनाची गोष्ट म्हणून वाचतात. आग लागावी, असं त्यालाही आतून वाटत असतं. पोलीस मात्र अरबाला पकडून नेतात.

म्हणूनच दडलेला अर्थ म्हणजे एका उत्तराचं कोडं नव्हे. आग कोणी लावली, हे कथा सांगते. माहीत असूनही गप्प कोण राहिलं, हे वाचकाने स्वतःला विचारायचं असतं.