फुकटच्या हत्यारांचा दिवस

सकाळी ९.३०
कराडच्या एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. शटर वर गेलं की आधी ब्लोअर. रात्री ठेवलेला सीपीयू बाहेर पायरीवर आणून दुकानातला कारागीर धूळ उडवतो, पंख्यातली जळमटं ब्रशनं काढतो. गरम होऊन मंदावलेलं मशीनही लोक ‘व्हायरस झालाय’ म्हणून आणतात. मालक पार्ट आणायला पुण्याला गेलेत. आज तो एकटाच. पगार महिन्याला चौदा हजार.

१०.१५
झेरॉक्सवाले काका पेनड्राइव्ह पुढे करतात. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेत. “पोरांचे प्रोजेक्ट हायेत ओ त्यात.”
तो एकाही शॉर्टकटला हात लावत नाही. क्लिक केलं की विषाणू चालू होतो. काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ची एक ओळ टाईप करतो, एंटर मारतो. खरी फोल्डरं जागच्या जागी दिसायला लागतात. ती गेलेली नव्हतीच, लपवलेली होती. शॉर्टकट आणि त्यांच्यामागची फाईल तो पुसतो. पन्नास रुपये.
“काका, तुमचा कॉम्प्युटर पण आणा. नाहीतर उद्या परत हेच.”

११.००
ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्राचं मशीन. ब्राउझर उघडला की जाहिराती. कोपऱ्यात दोन ‘क्लीनर’, दोन्ही शेकडो चुका दाखवतात आणि त्या काढायचे पैसे मागतात. केंद्रवाल्यानं ते स्पीड वाढवायला म्हणूनच टाकले होते.
तो फॉर्मांच्या फायली आधी वेगळ्या डिस्कवर घेतो. मग खिशातून मेमरी कार्ड काढतो. कार्डाच्या कडेची कळ ‘लॉक’वर, म्हणजे रोगी मशीनमधलं काही कार्डावर उतरू नये. कार्डावर फुकटची मोजकीच हत्यारं, सगळी बनवणाऱ्याच्याच साईटवरून घेतलेली. मला या माणसाची निवड पटते ती इथे. ‘फ्री डाऊनलोड’चं मोठं हिरवं बटण तो कधी दाबत नाही. रोग बहुतेक तिथूनच आलेला असतो.
दोन्ही क्लीनर कंट्रोल पॅनलमधून रीतसर काढतो. मग जाहिरातींसाठी ॲडव्हक्लीनर. रिस्टार्ट. मग मालवेअरबाइट्स, फुकटवालं. ते सांगितलं तेव्हाच तपासतं, सतत पहारा देत नाही. पहाऱ्याला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आहेच. दोन पहारेकरी एकदम बसवले तर मशीन आणखी रडतं.

दुपारी १२.४०
स्कॅन झाला, पण जाहिरात परत आली. आता ऑटोरन्स. मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रत्येक गोष्टीची ही यादी. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी तो लपवतो. पिवळ्या ओळी म्हणजे फाईलच सापडत नाही, गुलाबी म्हणजे बनवणाऱ्याचा पत्ता नाही. बोट स्क्रीनवरून हळूहळू खाली येतं आणि टेम्प फोल्डरातून चालणाऱ्या एका गुलाबी ओळीवर थांबतं. ती ओळ तो पुसत नाही, टिक काढतो. रिस्टार्ट. सगळं नीट चाललं, मग पुसतो.
रजिस्ट्री साफ करणारं काही तो वापरत नाही. कचऱ्याला विंडोजची डिस्क क्लीनअप पुरते. २०१७ साली सीक्लीनरच्याच अधिकृत आवृत्तीत कुणीतरी मालवेअर घुसवलं होतं. तेव्हापासून गरज नसलेलं एकही साधन कार्डावर नाही.
केंद्रवाला कुरकुरतो. “सॉफ्टवेअर फुकटचं, मग तीनशे कशाचे?”
“सकाळपासून बसलोय की, दादा.”
अडीचशेवर मिटतं.

२.००
डबा. भाकरी, घेवडा. एका हातानं फोन.

२.४५
शाळेच्या बाईंचा लॅपटॉप. ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ असं दर पाच मिनिटांनी. हत्यार लागतच नाही. कुठल्याशा साईटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढतो. “बाई, ‘अलाऊ’ विचारलं तर नाही म्हणायचं.” पैसे घेत नाही.

४.३०
फोटो स्टुडिओवाला. बोलत नाही, सीपीयू टेबलावर ठेवतो. लग्नांचे सगळे फोटो कुलूपबंद, प्रत्येक नावामागे चार अनोळखी अक्षरं. चिठ्ठीत मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. स्टॉप-डीजेव्हीयू कुळातलं रॅन्समवेअर. फोटोचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं होतं, त्यातून आलं.
तो ‘नो मोअर रॅन्सम’ उघडतो. २०१६ साली नेदरलँड्सच्या पोलिसांनी आणि युरोपोलनं दोन अँटिव्हायरस कंपन्यांना घेऊन ही साईट काढली. किल्ली मिळाली असेल तर ती फुकट देतात. दोन कुलूपबंद फायली आणि चिठ्ठी चढवतो. कुळ तेच निघतं. मग कुलूप काढणारं साधन चालवतो. उत्तर येतं: ऑनलाइन किल्ली, उघडणार नाही.
हे सांगणं दिवसातलं सगळ्यात जड काम. तो फिरवून सांगत नाही. “पैसे भरू नका. ही डिस्क फॉरमॅट करू नका, बाजूला ठेवा, पुढं कधी किल्ली निघाली तर. आणि बँकेचे, मेलचे पासवर्ड आत्ताच बदला, मोबाईलवरून. याच्यासोबत पासवर्ड चोरणारंही येतं.” नवी डिस्क घालून विंडोज टाकायचं पाचशे, डिस्कचे वेगळे. कॅमेऱ्याच्या जुन्या कार्डांवर काही सापडतंय का बघायला स्टुडिओवाला घरी जातो.

रात्री ८.००
कार्डाची कळ उघडतो. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर डाऊनलोड केल्यापासून दहा दिवसांनी चालेनासा होतो, नव्या विषाणूंसाठी नवा घ्यावा लागतो. कार्डावरचा जुना पुसतो, नवा उतरवतो. कळ परत लॉक. झेरॉक्सवाल्या काकांचा फोन येतो, कॉम्प्युटर रिक्षात टाकून निघालेत. शटर आणखी अर्धा तास वर.