रजिस्टरवर खाडाखोड झाली तरी चालेल

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, अकोल्यातही निर्बंध आले, तेव्हा दहा जणींनी एकत्र बसणंच अवघड झालं. अशा वेळी पाचही सूत्रं काटेकोर पाळायला निघालेली अध्यक्ष स्वतः दमते आणि गटालाही दमवते.

मग सोडायचं काय, धरायचं काय? बैठक फोनवर झाली तरी चालते. हप्ता पुढे ढकलता येतो. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनेच कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत द्यायची मुभा बँकांना दिली होती. व्याज मात्र सुरूच होतं. गटानेही सवलत कुणाला, किती दिवस आणि व्याजाचं काय, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं, ठरावात लिहावं. हिशेबाला मात्र सवलत नाही. आला-गेला पैसा त्याच दिवशी लिहायचा, सगळ्यांना सांगायचा.

पण लिहायचं एकटीनेच का? "ताई, द्या मले, आज मी लिहितो," असं कुणी म्हटलं तर पेन देऊन टाका. अक्षर वाकडं येईल, येऊ द्या. आकडा चुकला तर एक रेघ मारून बाजूला सही करायची. आपण बेरीज तेवढी तपासायची. उद्या अध्यक्ष आजारी पडली, तरी गट थांबणार नाही. सोयाबीन हातचं गेलेल्या वर्षीही हेच कामी येतं.